त्वचेकडे निघालेल्या पेशी

माणसाच्या त्वचेत साधारण दोन हजार कोटी टी-पेशी असतात. सगळ्या रक्तात मिळून जेवढ्या टी-पेशी फिरतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट. बॉस्टनच्या रेचल क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही मोजणी प्रसिद्ध केली. तोवर त्वचा म्हणजे शरीरावरचे आवरण आणि प्रतिकाराचे खरे काम रक्तात व लसिका ग्रंथींत, अशीच सर्वसाधारण समजूत होती. या मोजणीनंतर त्वचा हा प्रतिकारयंत्रणेचा एक मोठा अवयव ठरला. या पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो, थायमस ग्रंथीत त्या घडतात, रक्तातून वाहत येतात आणि नेमक्या त्वचेतच उतरतात. त्या यकृतात किंवा आतड्यात न जाता त्वचेतच का उतरतात, या प्रश्नातून गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत चिकटरेणूंचे एक मोठे शास्त्र उभे राहिले.

याच पेशींपैकी एखादी बिघडते, अनिर्बंध वाढते आणि तिचा वंश त्वचेत पसरतो, तेव्हा त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा होतो. हा रक्तपेशींचा कर्करोग असूनही रुग्ण प्रथम त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, कारण डोळ्यांना दिसतो तो चट्टा. पेशी बिघडली तरी त्वचेचा पत्ता विसरत नाही, हे या आजाराचे वैशिष्ट्य. त्याचे निदान, त्याच्या पायऱ्या, त्यावरचे उपचार आणि उपचारांचे अपयश या सगळ्याचा उलगडा पेशी कशी येते, कशाला चिकटते आणि कुठे राहते यावरून होतो. हे शास्त्र हैदराबादमधल्या अफझलगंजच्या उस्मानिया रुग्णालयासारख्या सरकारी बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोहोचायला हवे, या आग्रहातून हा आढावा लिहिला आहे.

दोनशे वर्षांची ओळख

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील झां-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये अंगावर अळंबीसारख्या गाठी आलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले. पुढे त्यांनीच या आजाराला ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे नाव दिले. बुरशीशी याचा काहीही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाझँ यांनी आजाराच्या तीन अवस्था मांडल्या: सपाट चट्टे, जाड झालेले चट्टे आणि गाठी. १९३८ मध्ये अल्बेर सेझारी आणि बुव्राँ यांनी सर्वांग लालभडक झालेल्या रुग्णांच्या रक्तात विचित्र, मोठ्या केंद्रकाच्या पेशी पाहिल्या. हा आजाराचा दुसरा चेहरा, म्हणजे सेझारी सिंड्रोम. या पेशी टी-पेशी आहेत हे १९७०च्या दशकात सिद्ध झाले आणि एडेलसन व लुट्झनर यांच्या गटाने हे सारे आजार ‘त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा’ या एका छत्राखाली आणले.

आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण सहा नवे रुग्ण सापडतात. त्यांत सर्वाधिक मायकोसिस फंगॉइडिसचे असतात. सुरुवातीच्या अवस्थेत निदान झाले तर बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात, आणि अगदी मर्यादित चट्टे असलेल्यांचे आयुर्मान सर्वसामान्यांइतकेच असते. सेझारी सिंड्रोममध्ये मात्र पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण २००५च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २४ टक्के होते आणि २०१८च्या सुधारित आवृत्तीत ३६ टक्के. जवळच्या नात्यातल्या या दोन आजारांच्या भवितव्यात एवढी तफावत का, याचेही उत्तर पेशींच्या प्रवासात दडलेले आहे.

पेशी त्वचेत उतरते कशी

रक्तवाहिनीच्या कडेने पांढऱ्या पेशी हळूहळू घरंगळत जातात, हे एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. त्यामागचे रेणू कळायला विसावे शतक संपत यावे लागले. १९९१ मध्ये लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम प्रवाह तयार करून दाखवले, की घरंगळण्याचे काम एका कुळातले रेणू करतात आणि घट्ट थांबण्याचे काम दुसऱ्या कुळातले. त्याच सुमारास यूजीन बुचर यांनी या साऱ्याची टप्प्याटप्प्याची मांडणी केली, आणि तीच आजही पाठ्यपुस्तकांत आहे.

पहिला टप्पा घरंगळवणाऱ्या रेणूंचा, म्हणजे सिलेक्टिनांचा. त्वचेत दाह असला की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ई-सिलेक्टिन हा रेणू उगवतो. त्वचेच्या वाहिन्यांत तो थोड्या प्रमाणात एरवीही असतो. त्वचेकडे जाणाऱ्या टी-पेशीच्या पृष्ठभागावर त्याचा जोडीदार असतो: शर्करेच्या विशिष्ट साखळ्या चढवलेले एक प्रथिन. ‘त्वचेचा लसिकापेशी प्रतिजन’ किंवा थोडक्यात सीएलए म्हणून ते ओळखले जाते. रक्तातल्या साधारण १० ते १५ टक्के टी-पेशींवर ते असते, तर दाह झालेल्या त्वचेतल्या बहुसंख्य टी-पेशींवर. हे दोन रेणू एकमेकांना धरतात नि सोडतात, आणि प्रवाहात वेगाने जाणारी पेशी मंदावून घरंगळू लागते. १९९७ मध्ये फुलब्रिगे, कुप्पर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सीएलए हे स्वतंत्र प्रथिन नाही. पीएसजीएल-१ या जवळपास सर्व पांढऱ्या पेशींवर असणाऱ्या प्रथिनावर खास शर्करा चढली की ते सीएलए होते.

दुसरा टप्पा केमोकाइनांचा. केमोकाइन ही छोटी संदेशवाहक प्रथिने. त्वचेच्या वाहिन्यांच्या अस्तरावर सीसीएल१७ असते, तर बाह्यत्वचेतल्या केराटिन बनवणाऱ्या पेशी सीसीएल२७ तयार करतात. टी-पेशीवरचे सीसीआर४ हे ग्राही सीसीएल१७ आणि सीसीएल२२ ओळखते, सीसीआर१० हे सीसीएल२७ ओळखते. हा संदेश मिळताच क्षणार्धात पेशीवरचे इंटिग्रिन, म्हणजे घट्ट धरणारे रेणू, आपला आकार बदलतात.

तिसरा टप्पा म्हणजे घट्ट थांबणे. एलएफए-१ हे इंटिग्रिन अस्तरावरच्या आयकॅम-१ला धरते आणि व्हीएलए-४ हे व्हीकॅम-१ला. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तरातल्या पेशींच्या फटीतून बाहेर पडते.

यातला एकच रेणू नसला तर काय होते? एलएफए-१ आणि त्याच्या भावंडांचा सामाईक भाग सीडी१८. तो जन्मतः नसलेल्या बाळांची नाळ उशिरा गळते, बेंबीला संसर्ग होतो, आणि जखम चिघळली तरी पू होत नाही, कारण रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असूनही त्यांना वाहिनीबाहेर पडता येत नाही. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांच्या निदानाचे आणि संशोधनाचे काम होते. चिकटरेणू हा प्रयोगशाळेतला बारकावा नसून जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे ही बाळे दाखवून देतात.

पत्ता कोण लिहिते

टी-पेशी जन्मतः त्वचेची नसते. त्वचेचा निचरा होणाऱ्या लसिका ग्रंथीत तिची त्वचेतून आलेल्या डेंड्रायटिक पेशीशी भेट होते, आणि त्या भेटीत तिच्यावर पत्ता लिहिला जातो. आतड्याकडे जाणाऱ्या पेशींच्या बाबतीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल हे काम करते, असे २००४ मध्ये जपानमध्ये दिसले. त्वचेच्या बाबतीत २००७ मध्ये बुचर यांच्या गटाने दाखवले, की सूर्यप्रकाशाने त्वचेत तयार झालेल्या ‘ड’ जीवनसत्त्वाला डेंड्रायटिक पेशी सक्रिय रूप देतात, आणि ते रूप टी-पेशीवर सीसीआर१० आणते. ज्या अवयवावर ऊन पडते त्याचा पत्ता उन्हापासून बनलेल्या रसायनाने लिहिला जावा, यात जीवशास्त्राची एक विलक्षण सुसंगती दिसते.

त्वचेत उतरलेल्या पेशींपैकी काही पुन्हा लसिकेत परततात, काही तिथेच राहतात. राहणाऱ्यांना निवासी स्मृतिपेशी म्हणतात. त्यांच्यापैकी अनेकींवर सीडी१०३ हे इंटिग्रिन असते आणि ते केराटिन पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला धरते. ही जोडी १९९४ मध्ये सापडली. पेशी बाह्यत्वचेत टिकून राहण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

चट्ट्यापासून गाठीपर्यंत

आता मायकोसिस फंगॉइडिसची बायॉप्सी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. सुरुवातीच्या चट्ट्यात लसिकापेशी बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात ओळीने बसलेल्या दिसतात. काही ठिकाणी त्यांचे छोटे पुंजके होतात आणि मध्ये एखादी लँगरहान्स पेशी असते. हे पोत्रिए यांच्या नावाने ओळखले जाणारे पुंजके. इसबात लसिकापेशी आत शिरल्या की बाह्यत्वचेत पाणी साचून ती सच्छिद्र दिसते. इथे पेशी भरपूर असूनही सूज फार कमी असते. रोगविज्ञानतज्ज्ञ ज्या खुणेवर निदान उभे करतो, ती खूण चिकटरेणूंनी घडवलेली असते.

ब्रायन निकॉलॉफ यांनी १९८०च्या दशकात दाखवले, की टी-पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे केराटिन पेशींवर आयकॅम-१ उगवते आणि एलएफए-१ असलेल्या टी-पेशी त्यांना चिकटतात. पेशींना बाह्यत्वचेकडे खेचण्यात सीएक्ससीआर३ या ग्राहीचाही वाटा आहे, आणि चिकटून राहण्यात सीडी१०३चा. २००२ मध्ये फेरेन्झी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या लिम्फोमाच्या पेशींवर सीसीआर४ वाढलेले असते. रक्तातले सीसीएल१७ आजाराच्या तीव्रतेबरोबर वाढते, हे जपानी संशोधकांना त्याच सुमारास दिसले.

गाठींच्या अवस्थेत चित्र पालटते. बाह्यत्वचेचे आकर्षण संपते. सीएक्ससीआर३ आणि सीडी१०३ कमी होतात, सीसीआर४ टिकते किंवा वाढते, आणि काही रुग्णांत सीसीआर७ दिसू लागते. सीसीआर७ ही लसिका ग्रंथीकडे नेणारी खूण. पेशी वरच्या थरातून खाली खोल जाते, तिथे वाढते आणि ग्रंथीपर्यंत पोहोचते. त्याच वेळी त्वचेतली रासायनिक हवाही बदलते. सुरुवातीला इंटरफेरॉन-गॅमाचा, म्हणजे लढाऊ प्रकारच्या प्रतिसादाचा वरचष्मा असतो. पुढे इंटरल्यूकिन-४, १३ आणि ३१ वाढतात. ३१चा संबंध खाजेशी आहे, आणि ही खाज रुग्णाला रात्र-रात्र झोपू देत नाही.

निरोगी पेशींचा प्रवासही इथे महत्त्वाचा आहे. चट्ट्यात शिरलेल्या सीडी८ मारक पेशींचे प्रमाण जितके जास्त, तितके रुग्णाचे आयुष्य जास्त, असे स्टॅनफर्डच्या अभ्यासात १९९५ मध्ये दिसले. म्हणजे लिम्फोमाच्या त्वचेत एकाच वाटेने दोन प्रकारच्या पेशी येतात: आजाराच्या आणि आजाराशी लढणाऱ्या. उपचाराचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

यात जिवाणूही आहेत. तडे गेलेल्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढतो, त्याची विषे टी-पेशींना सरसकट चेतवतात आणि आजार पेटतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की प्रतिजैविकांचा जोरदार उपचार दिल्यावर काही पुढच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या त्वचेतली पेशींची सक्रियता घटते. त्वचेची स्वच्छता आणि संसर्गावर वेळीच उपचार यांना या आजारात दुय्यम मानता येत नाही.

निवासी की फिरस्त्या

सेझारी सिंड्रोम आणि मायकोसिस फंगॉइडिस यांच्या भवितव्यातल्या फरकाचे सर्वांत स्पष्ट उत्तर २०१० मध्ये कॅम्पबेल, क्लार्क आणि कुप्पर यांच्या गटाने दिले. सेझारीच्या पेशींवर सीसीआर७ आणि एल-सिलेक्टिन असते, म्हणजे त्या रक्त, लसिका ग्रंथी आणि त्वचा यांत फिरत राहणाऱ्या स्मृतिपेशींसारख्या असतात. म्हणून सर्वांग लाल होते, ग्रंथी सुजतात आणि रक्तात पेशी सापडतात. मायकोसिस फंगॉइडिसच्या पेशींवर या खुणा नसतात. त्या निवासी पेशींसारख्या एका जागी राहतात. म्हणून चट्टे स्पष्ट कडांचे असतात आणि वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात.

सेझारीच्या पेशींचा आणखी एक विशेष आहे. निरोगी टी-पेशींवरचे सीडी२६ हे विकर सीएक्ससीएल१२ या केमोकाइनाला कापून निकामी करते. सेझारी पेशी सीडी२६ गमावतात, आणि त्वचेतल्या सीएक्ससीएल१२चे आकर्षण त्यांच्यावर अधिक चालते. रक्ततपासणीत सीडी२६ नसलेल्या पेशी मोजणे हा आता निदानाचा नेहमीचा भाग आहे.

ही विभागणी सुबक असली तरी शेवटचा शब्द नाही. कॅनडातल्या ग्न्यादेत्स्की यांच्या गटाने २०१९पासून जनुकक्रम वाचून असे मांडले आहे, की एकाच रुग्णाच्या निरनिराळ्या चट्ट्यांत बिघडलेल्या पेशींचे निरनिराळे वंश असतात, आणि रक्तातून येणाऱ्या पेशी पुन्हा पुन्हा नवे चट्टे पेरतात. दुसरीकडे, या लिम्फोमाच्या पेशींच्या डीएनएवर अतिनील किरणांनी केलेल्या बदलांच्या खुणा सापडतात, रक्तात फिरणाऱ्या पेशींमध्येसुद्धा. म्हणजे त्या कधीतरी त्वचेत, उजेडाच्या आवाक्यात राहिल्या होत्या. ‘निवासी’ आणि ‘फिरस्त्या’ या दोन टोकांमध्ये पेशी ये-जा करत असाव्यात, असे मला या पुराव्यांवरून वाटते. यावर उपचारांची दिशा अवलंबून आहे. आजार एकाच जागी असेल तर त्वचेवरचा उपचार पुरेल. पेरणी रक्तातून होत असेल तर त्वचा स्वच्छ दिसली तरी आजार परतेल.

अफझलगंजचा प्रश्न: फिकट डाग

मुसी नदीच्या काठी अफझलगंजमध्ये उस्मानिया रुग्णालय आहे. या भागातल्या जुन्या सरकारी इस्पितळात १८८०च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मवरचे गाजलेले प्रयोग झाले आणि त्यांची चर्चा लंडनपर्यंत पोहोचली. १९०८च्या मुसीच्या महापुरात ते इस्पितळ उद्ध्वस्त झाले, आणि पुढे व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार आजची घुमटांची वास्तू उभी राहिली. मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होता. नांदेड, उदगीर, देगलूर, किनवट इथल्या लोकांचे मोठे सरकारी रुग्णालय हेच होते, आणि राज्य बदलले तरी ती वाट बंद झाली नाही. इमलीबनच्या बसस्थानकावर उतरणाऱ्यांना रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे.

या पट्ट्यात कुष्ठरोगाचा इतिहास दीर्घ आहे. निजामाबादजवळचे डिचपल्लीचे कुष्ठरुग्णालय आणि वरोऱ्याचे आनंदवन ही त्याची ठळक ठाणी. आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात. म्हणून अंगावरचा फिकट डाग दिसला की रुग्ण, शेजारी आणि आरोग्य कर्मचारी या सगळ्यांच्या मनात प्रथम कुष्ठरोग येतो, आणि ते योग्यच आहे. पण सावळ्या त्वचेत मायकोसिस फंगॉइडिसचा एक प्रकार फिकट डागांच्या रूपातच येतो. तो मुलांत आणि तरुणांत अधिक दिसतो. कुष्ठरोग, कोड, शिबे आणि लहान मुलांच्या गालावरचे फिकट पट्टे या सगळ्यांशी त्याचा घोटाळा होतो. कुष्ठरोगाची गोळ्यांची पाकिटे महिनोन्महिने घेऊनही डाग न गेलेले आणि नंतर लिम्फोमा ठरलेले रुग्ण भारतीय वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत.

या प्रकारात बिघडलेल्या पेशीच बहुधा सीडी८ असतात. रंगपेशींवरची सीडी११७ ही खूण कमी होते, आणि कोडातही तसेच घडते. लढाऊ सीडी८ पेशी बाह्यत्वचेतच राहिल्याने रंग जातो, पण आजार खोल उतरत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. फिकट प्रकाराचे भवितव्य सहसा चांगले असते. ओळखू यायला कठीण, पण ओळखला तर आटोक्यात राहणारा असा हा आजार आहे. म्हणूनच तो ओळखला न जाणे अधिक खेदाचे आहे.

ओळखण्याच्या काही साध्या पायऱ्या आहेत. कुष्ठरोगाच्या डागावर स्पर्श, उष्णता किंवा वेदना बहुधा कमी जाणवते, आणि अनेकदा नसा जाड लागतात. लिम्फोमाच्या डागावर संवेदना सहसा शाबूत असते. लिम्फोमाचे डाग कपड्याखाली झाकलेल्या भागांत, म्हणजे कंबर, नितंब, मांड्या आणि छातीच्या कडेला अधिक असतात. त्यांवर कधी बारीक सुरकुत्या दिसतात. कोडात डाग दुधासारखा पांढरा होतो, इथे तो अर्धवट फिकट असतो. अंतिम उत्तर बायॉप्सीत. कुष्ठरोगात नसांभोवती ग्रॅन्युलोमा दिसतात, लिम्फोमात बाह्यत्वचेच्या तळाशी लसिकापेशींची रांग. एका बायॉप्सीत उत्तर न मिळणे नेहमीचे आहे. काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा, आणि दोन-तीन जागांहून नमुने घ्यावे लागतात. बायॉप्सीआधी काही आठवडे स्टेरॉइडचे मलम बंद ठेवणे आवश्यक असते, आणि इथेच आपल्याकडची मोठी अडचण आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी, तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे लोक महिनोन्महिने लावतात. त्याने खाज थांबते, पेशी थोड्या पांगतात आणि निदान लांबते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या मलमांविरुद्ध मोहीम चालवली आहे. लिम्फोमा हेही त्या मोहिमेचे एक कारण आहे, हे लोकांना सांगायला हवे.

कर्करोग आणि कुष्ठरोग या दोन्हींकडे एकाच सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची परंपरा आपल्याकडे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा १९४१पासून उभारणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगातल्या नसांचा सखोल अभ्यास केला. फिकट डागाच्या बायॉप्सीला आज हीच दुहेरी नजर हवी आहे.

रोखायचे, की हटवायचे

चिकटरेणू कळले तेव्हा पहिली कल्पना सरळ होती: पेशीला त्वचेत शिरूच द्यायचे नाही. एलएफए-१ला अडवणारे एफालिझुमॅब हे प्रतिपिंड २००३ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी मंजूर झाले. २००९ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले, कारण काही रुग्णांना मेंदूचा जीवघेणा विषाणुसंसर्ग झाला. व्हीएलए-४ला अडवणारे नॅटालिझुमॅब मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आजही वापरतात, पण त्याच संसर्गाच्या भीतीमुळे कडक देखरेखीखाली. ज्या रेणूने आजाराची पेशी त्वचेत शिरते, त्याच रेणूने रक्षक पेशी मेंदूत आणि इतरत्र पोहोचतात. लिम्फोमात तर आणखी एक अडचण आहे. बिघडलेल्या पेशी आधीच त्वचेत येऊन राहिलेल्या असतात, आणि मारक सीडी८ पेशींना मात्र अजून यायचे असते. वाट अडवली तर नुकसान लढणाऱ्यांचेच व्हायचे. या आजारात वाट रोखण्यापेक्षा पत्त्यावरून पेशी ओळखून तिला हटवणे अधिक फलदायी ठरले आहे, आणि या आढाव्याचा मुख्य निष्कर्ष हाच आहे.

मोगामुलिझुमॅब त्याचे उत्तम उदाहरण. हे प्रतिपिंड सीसीआर४ला चिकटते आणि ती खूण असलेल्या पेशीला मारक पेशींच्या हवाली करते. जपानमध्ये ते २०१२ मध्ये प्रौढ टी-पेशी ल्युकेमियासाठी आणि २०१४ मध्ये त्वचेच्या लिम्फोमासाठी मंजूर झाले. ३७२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ मोगामुलिझुमॅबने ७.७ महिने, तुलनेच्या व्होरिनोस्टॅट औषधाने ३.१ महिने. रक्तात सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना प्रतिसाद मिळाला, त्वचेत सुमारे ४२ टक्क्यांना, लसिका ग्रंथींत त्याहून बऱ्याच कमी जणांना. म्हणजे औषधाचे यश पेशी कुठे आहे त्यावर बदलते. सीसीआर४ नियामक टी-पेशींवरही असते. त्याही मरतात, म्हणून पुरळ येतो, आणि दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण करायचे असल्यास धोका वाढतो.

अलेम्टुझुमॅबची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते सीडी५२ असलेल्या पेशी मारते. क्लार्क यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले, की कमी मात्रेत दिल्यास रक्तातून त्वचेत ये-जा करणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात आणि सेझारीच्या रुग्णांची त्वचा निवळते, पण निवासी पेशी तशाच राहतात. म्हणून रुग्णांना फारसे संसर्ग झाले नाहीत, आणि म्हणूनच मायकोसिस फंगॉइडिसच्या चट्ट्यांवर या औषधाचा उपयोग झाला नाही. फिरस्त्या पेशींसाठी रक्तातले औषध आणि निवासी पेशींसाठी त्वचेवरचा उपचार, हे सूत्र इथे स्पष्ट झाले.

त्वचेवरचे उपचार जुने, स्वस्त आणि आपल्या आवाक्यातले आहेत. नॅरोबँड यूव्हीबी किरणे, स्टेरॉइडची मलमे (निदान झाल्यानंतर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली) आणि सोरॅलेनसह यूव्हीए. बावचीच्या बियांचा वापर आयुर्वेदात पांढऱ्या डागांसाठी पूर्वापार होत आला आहे. त्याच बियांतून १९३०च्या दशकात भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी सोरॅलेन वेगळे केले. त्याच कुळातले मेथॉक्सालेन घेऊन त्वचेवर यूव्हीए देण्याचा उपचार १९७६ मध्ये या लिम्फोमासाठी वर्णिला गेला. हीच कल्पना शरीराबाहेर काढलेल्या रक्तावर वापरून एडेलसन यांनी १९८७ मध्ये सेझारीसाठी फोटोफेरेसिस मांडले. किरणांनी त्वचेतल्या टी-पेशी मरतात आणि त्यांना खेचणारी रसायनेही घटतात. अल्प मात्रेतले मेथोट्रेक्झेट, इंटरफेरॉन-अल्फा आणि संपूर्ण त्वचेवर इलेक्ट्रॉन किरण हे पुढचे उपाय. त्यांपैकी शेवटचा मोजक्याच केंद्रांत उपलब्ध आहे. बेक्सारोटीन हे रेटिनॉइड पेशींवरचे सीसीआर४ कमी करते, असेही आढळले आहे.

एक नवा इशाराही ध्यानात ठेवायला हवा. तीव्र इसबासाठी आलेले ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ची वाट बंद करते. इसब समजून ते दिलेल्या काही रुग्णांत आजार भडकला आणि तपासणीत तो लिम्फोमा निघाला. प्रौढ वयात प्रथमच आलेला, उपचाराला न जुमानणारा इसब असेल तर जैविक औषध सुरू करण्याआधी बायॉप्सी व्हावी.

पुढे काय

तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, नोंद. या आजाराचे भारतीय आकडे मुख्यतः एकेका रुग्णालयाच्या मालिकांतून येतात. मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी त्वचेच्या लिम्फोमाची सामाईक नोंदवही ठेवली, तर फिकट प्रकाराचे खरे प्रमाण कळेल. दुसरी, जपणूक. रोगविज्ञान विभागांत मेणात बसवलेले बायॉप्सीचे जुने नमुने असतात. उस्मानियासाठी गोशामहल इथे नव्या इमारतीची पायाभरणी जानेवारी २०२५ मध्ये झाली आहे. अशा प्रत्येक स्थलांतरात हे नमुने आणि त्यांची रजिस्टरे जपली जावीत. एकाच रुग्णाच्या वर्षांमागून वर्षे घेतलेल्या नमुन्यांवर सीसीआर४, सीडी१०३, सीसीआर७ यांचे रंजन केले, तर निवासी-फिरस्त्या वादावर सावळ्या त्वचेचा पुरावा मिळेल. आजवरचा बहुतांश पुरावा गोऱ्या आणि जपानी रुग्णांवरचा आहे. तिसरी, प्रशिक्षण. कुष्ठरोग शोधमोहिमेतल्या कार्यकर्त्यांना एकच जास्तीचा नियम शिकवावा: संवेदना शाबूत असलेला, उपचाराने न हटणारा, सहा महिन्यांहून जुना फिकट किंवा खाजरा चट्टा बायॉप्सीसाठी पाठवायचा.

चिकटरेणूंच्या अभ्यासातून अजून बरेच मिळायचे आहे. पण आज जे ठाऊक आहे, तेवढ्यानेही देगलूरच्या किंवा उदगीरच्या रुग्णाचे आयुष्य बदलू शकते. त्यासाठी मोगामुलिझुमॅब आधी लागत नाही. लागतो तो स्पर्श तपासणारा कापसाचा बोळा, बायॉप्सीचा चार मिलिमीटरचा पंच, सावध रोगविज्ञानतज्ज्ञ आणि नॅरोबँड यूव्हीबीचे चालू स्थितीतले यंत्र. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या चार गोष्टी असाव्यात, ही मागणी या शास्त्रातून थेट निघते, आणि ती आपण केली पाहिजे.